ताबा मिळेपर्यंत हप्ता शून्य

(दृश्य : पुणे-बंगळूर महामार्ग, वाकडजवळ. ओळीने उभी होर्डिंग्ज.)

गुढीपाडवा जवळ आला की या रस्त्यावरची होर्डिंग्ज बदलतात. हसरं कुटुंब, मागे बाल्कनी आणि मोठ्या अक्षरात एक ओळ : 'आत्ता फक्त 20 टक्के भरा, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही.' खाली, गाडीतून वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरात, 'अटी लागू.'

आपल्याकडे बिनव्याजी म्हटलं की हातउसने आठवतात. मामाकडून घेतलेले, पुढच्या दिवाळीपर्यंत परत करायचे. तिथे खरंच व्याज नसतं, फार तर लग्नकार्यात टोमणा ऐकावा लागतो. बँक मात्र कुणाची मामा नाही. तिच्याकडून पैसा निघाला की त्याच दिवसापासून व्याज चढायला लागतं. म्हणून होर्डिंगकडे बघताना विचारायचं ते इतकंच : हे व्याज भरतंय कोण, आणि कुणाच्या पैशातून?

(दृश्य : कागदावर पेनाने मांडलेला हिशोब.)

समजा, पुण्यात बांधकाम सुरू असलेला एक फ्लॅट आहे. आकडे गृहीत धरलेले आहेत. योजनेतला भाव 80 लाख. तुम्ही 16 लाख भरता, 64 लाखांचं गृहकर्ज तुमच्या नावावर होतं. नेहमीच्या पद्धतीत बँक हे पैसे टप्प्याटप्प्याने सोडते. जोत्याचं काम झालं, एक हप्ता. स्लॅब पडला, पुढचा. जेवढी रक्कम सुटली तेवढ्यावरच व्याज, त्यालाच प्री-ईएमआय म्हणतात. या योजनेच्या मूळ रूपात मात्र बहुतेक रक्कम सुरुवातीलाच बिल्डरच्या खात्यात जायची. 9 टक्क्यांनी 64 लाखांचं व्याज महिन्याला 48 हजार होतं. ते बिल्डर भरणार, असा शब्द असायचा.

बिल्डर इतका उदार का होतो? त्याने स्वतःच्या नावावर प्रकल्पासाठी कर्ज काढलं, तर त्याला गृहकर्जापेक्षा बराच चढा दर पडतो. तुमच्या नावावर तोच पैसा स्वस्तात मिळतो. म्हणजे घर तुम्ही घेताय, भांडवल त्याला मिळतंय, आणि बँकेच्या दफ्तरात कर्जदार म्हणून नाव तुमचं आहे.

आता भावाकडे वळू. तोच फ्लॅट योजनेशिवाय, कन्स्ट्रक्शन-लिंक्ड म्हणजे काम पुढे जाईल तसे पैसे देण्याच्या पद्धतीने घेतला तर समजा 72 लाखांना मिळतो. फरक 8 लाखांचा. यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 40 हजार. पुण्यातलं मुद्रांक शुल्क 7 टक्के धरलं, तर आणखी 56 हजार. या 8 लाखांपैकी 6 लाख 40 हजार कर्जातून आले, तर 20 वर्षांत त्यांच्यावर सुमारे 7 लाख 40 हजार व्याज जातं. आणि वाचलं किती? 72 लाखांच्या फ्लॅटवर, तीन वर्षांत कर्ज हळूहळू सुटलं असतं, तर प्री-ईएमआय साधारण पावणेआठ लाख झाला असता. तो वाचवण्यासाठी तुम्ही 8 लाख आधीच भावात मोजले, वर कर दिला, आणि त्यातल्या कर्जाचं व्याज 20 वर्षं फेडत बसणार.

प्रत्येक प्रकल्पात फरक एवढाच असेल असं नाही. कधी कमी निघतो. पण शून्य निघाला, तर मला नवल वाटेल.

(दृश्य : कराराची पानं उलटणारे हात.)

पैशाचा हिशोब निदान मांडता तरी येतो. खरी मेख करारात असते. त्रिपक्षीय करार : तुम्ही, बिल्डर आणि बँक. त्यात एक ओळ अशी असू शकते : बिल्डर व्याज भरेल '36 महिने किंवा ताब्यापर्यंत, यापैकी जे आधी होईल तोपर्यंत.' होर्डिंगवर फक्त 'ताब्यापर्यंत' होतं. काम रखडलं, तर 37व्या महिन्यापासून 48 हजार तुमच्या खात्यातून. घराचं भाडं वेगळं. आणि बिल्डरने मधेच व्याज भरणं थांबवलं, तर? कर्ज फेडायची जबाबदारी मुळात तुमचीच, बँक तुम्हालाच फोन करणार. हप्ता त्याने चुकवला तरी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, डाग तुमच्या नावावर.

बुकिंग रद्द करावं म्हटलं, तर परत येणारी रक्कम आधी बँकेकडे जाते. बिल्डरने तोवर भरलेलं व्याजही त्यातून कापून घेण्याची तरतूद काही करारांत असते. फुकट म्हणून दिलेलं व्याज असं परत मागितलं जातं.

(दृश्य : नोएडा, अर्धवट उभे मनोरे. गवत.)

हे कागदावरचं भय नाही. दिल्लीजवळ नोएडा, ग्रेटर नोएडा, गुरुग्राम इथे शेकडो कुटुंबं यात अडकली. मनोरे अर्धवट राहिले, बिल्डरांनी व्याज भरणं सोडलं आणि बँकांनी वसुलीसाठी घर न मिळालेल्या माणसांना गाठलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै 2024 मध्ये न्यायालयाने या खरेदीदारांवर सक्तीच्या वसुलीला, चेक न वटल्याच्या फौजदारी तक्रारींनाही, अंतरिम अटकाव केला. 29 एप्रिल 2025 रोजी बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची चौकशी सीबीआयकडे सोपवली. त्याच वर्षी तपास दिल्ली परिसराबाहेर, मुंबई आणि बंगळुरूतल्या प्रकल्पांपर्यंतही आला.

नियम नव्हते असं नाही. 3 सप्टेंबर 2013 रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं, की कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी जोडूनच सोडा, अपुऱ्या प्रकल्पांत आगाऊ देऊ नका. जुलै 2019 मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना सांगितलं, की बिल्डरने ग्राहकाचं व्याज भरण्याच्या योजना नकोत.

तरी होर्डिंगवरचे ते शब्द जिवंत आहेत. काही ठिकाणी त्यांचा अर्थ खरोखर निराळा असतो : तुम्ही 20 टक्के भरता, बिल्डर उरलेल्यासाठी ताब्यापर्यंत थांबतो, आणि कर्ज तेव्हाच निघतं. भाव इथेही चढा असतो, पण तुमच्या डोक्यावर कर्ज नसतं. दोन्हींची जाहिरात मात्र सारखीच दिसते. विचारलं तरच फरक कळतो : कर्ज नेमकं कधी सुटणार?

(दृश्य : सेल्स ऑफिस. काचेच्या टेबलावर प्रकल्पाचं मॉडेल, छोटी हिरवी झाडं.)

इथे आलात तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडचा नोंदणी क्रमांक, आधी लिहून घ्या. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची घोषित तारीख दिसते. ती योजनेच्या 36 महिन्यांशी ताडून बघा. भोगवटा प्रमाणपत्राआधी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला मिळण्याआधी, 'फिट-आऊट'साठी (आतल्या फर्निचरच्या कामासाठी) दिलेल्या चावीला योजनेत ताबा म्हणतात का, तेही विचारा.

आणि मग योजनेशिवायचा भाव मागा. 'रोखीचा भाव' म्हणू नका, या धंद्यात त्याचा अर्थ निराळाच निघतो. 'हप्ते मी टप्प्याटप्प्याने भरतो, योजना नको, फ्लॅट कितीला?' एवढंच म्हणा.

(दृश्य : कॅल्क्युलेटरवर थांबलेलं बोट.)

समोरचा मुलगा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवील. म्हणेल, 'सर, पाच मिनिटं बसा, साहेबांना विचारून येतो.'