आधी यादी, मग अपूर्णांक

मंडळी, संभाव्यतेचं पहिलं सूत्र सगळ्यांना येतं. हव्या असलेल्या निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. फासा टाकला आणि सम संख्या हवी असेल, तर 2, 4, 6 या तीन निष्पत्ती आपल्या, एकूण सहा, म्हणून उत्तर 1/2. पण या सूत्राच्या पोटात एक अट आहे आणि नवशिके नेमके तिथेच अडखळतात. छेदात मोजलेली प्रत्येक निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेली, असली पाहिजे. नाहीतर परीक्षेत पास किंवा नापास या दोनच गोष्टी होऊ शकतात, म्हणून पास होण्याची संभाव्यता निम्मी, असंही म्हणता येईल!

ही चूक भल्याभल्यांकडून झाली आहे. नाणं दोनदा उडवायचं, निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता किती? फ्रेंच गणिती दालाँबेर यांनी 1754 मध्ये उत्तर दिलं, 2/3. त्यांचं म्हणणं असं: पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ संपला, नाहीतर काटा-छापा किंवा काटा-काटा. शक्यता तीन, त्यातल्या दोन आपल्या. पण ‘पहिल्याच फेकीत छापा’ यात छापा-छापा आणि छापा-काटा अशा दोन निष्पत्ती आहेत. खरी यादी चार ओळींची आहे आणि उत्तर 3/4. या पूर्ण यादीलाच आपण नमुना अवकाश म्हणतो. माझं तर मत आहे की सुरुवातीला सूत्र बाजूला ठेवावं आणि नुसत्या याद्या कराव्यात.

गॅलिलिओसमोर आलेला प्रश्न मला याहून सुंदर वाटतो. तीन फासे टाकले, तर 9 ही बेरीज सहा प्रकारे जमते: 1-2-6, 1-3-5, 1-4-4, 2-2-5, 2-3-4, 3-3-3. बेरीज 10 सुद्धा सहाच प्रकारे. तरी खेळणाऱ्यांचा अनुभव असा, की 10 थोडी जास्त वेळा पडते. का? तिन्ही फाशांना वेगवेगळे रंग द्या. 1-2-6 हा त्रिकूट आता सहा तऱ्हांनी पडू शकतो, कारण 1 कोणत्या रंगावर, 2 कोणत्या, हे बदलतं. 1-4-4 तीन तऱ्हांनी. आणि 3-3-3? फक्त एकाच तऱ्हेनं. एकूण 216 निष्पत्तींपैकी 9 च्या वाट्याला येतात 25. 10 मध्ये तीन समान अंकांचा त्रिकूट बसतच नाही, म्हणून तिच्या वाट्याला 27. एवढासा फरक केवळ खेळून खेळून लोकांच्या लक्षात आला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता ‘निदान एकदा’ या शब्दांकडे वळू. एक फासा चार वेळा टाकायचा. निदान एकदा 6 पडेल का? मनात पटकन येतं, 1/6 चार वेळा मिळवा, 4/6. मग सहा वेळा टाकल्यावर 6 पडणं निश्चितच ठरायला हवं, आणि तसं होत नाही हे आपण जाणतो. इथे उलट बाजूनं जायचं. एकदाही 6 न पडण्याची संभाव्यता काढायची आणि ती 1 मधून वजा करायची. फाशाला मागची फेक आठवत नसते, प्रत्येक फेक स्वतंत्र, म्हणून गुणाकार चालतो. 5/6 चार वेळा गुणलं की 625/1296. उरले 671/1296, म्हणजे सुमारे 0.518. हे निम्म्याहून थोडं जास्त, म्हणून निदान एकदा 6 पडेल अशी बरोबरीची पैज लावणारा लांबच्या पल्ल्यात थोडा फायद्यात राहतो.

पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितींचा 1654 चा प्रसिद्ध पत्रव्यवहार झाला त्या सुमारास याचीच पुढची पायरी चर्चेत होती. दोन फासे 24 वेळा टाकले, तर निदान एकदा दोन्हींवर 6 पडेल? सहांत चार, तसे 36 मध्ये 24. प्रमाण तेच, म्हणून पैजही तितकीच चांगली वाटते. हिशेब करा: 35/36 स्वतःशी 24 वेळा गुणा, 1 मधून वजा करा. येतात सुमारे 0.491. प्रमाण जुळलं, तरी ही पैज तोट्याची.