पॅरिस पाहून आलेल्या पोरांना शेतावर कसं टिकवणार?

[दृश्य : फिरती तबकडी, अगदी जवळून]

वरचं शीर्षक एका अमेरिकन गाण्याचं; त्याची ही पाथे या फ्रेंच ध्वनिमुद्रण कंपनीची १९१९ची तबकडी. हिच्यावर पोलादी सुई टेकवू नका. नेहमीच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीत सुई डावी-उजवी हलते, पाथेच्या खाचेत ती वर-खाली होते. पोलादी टोक खाचेचा तळ खरवडतं आणि गाणं कायमचं जातं. इथे गोल टोकाची सफायरची (नीलमची) सुईच हवी. स्टीरिओ कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) वापरणार असाल तर एका चॅनेलच्या तारा उलट्या जोडून दोन्ही चॅनेल एकत्र करा. उभी हालचाल ऐकू येते, आडवी खरखर बरीचशी कटते. वेग मिनिटाला साधारण ८० फेरे; ७८वर गाणं जरासं उतरतं.

एवढं करूनही मागे घरघर राहतेच. पाथेवाले आधी मेणाच्या मोठ्या सिलिंडरवर मुद्रण करत, मग यंत्राने ते तबकडीवर उतरवत. त्या यंत्राची थरथरही खाचेत उतरली आहे. ती पुसायला गेलात तर बँडचा खर्जही पुसला जाईल.

[दृश्य : गाण्याची छापील प्रत]

गाणं आहे 'हाउ या गोना कीप देम डाउन ऑन द फार्म'. शब्द सॅम लुईस आणि जो यंग यांचे, चाल वॉल्टर डोनाल्डसनची. ११ नोव्हेंबर १९१८ला पहिलं महायुद्ध थांबलं तेव्हा फ्रान्समध्ये सुमारे २० लाख अमेरिकन सैनिक होते. घरी जाताना सरकारने प्रत्येकाला ६० डॉलर बोनस दिला. गाण्यातल्या म्हाताऱ्याची काळजी इथूनच सुरू होते.

कडव्यात शेतकरी नवरा-बायको बोलतात. 'रूबेन, रूबेन' ही बायकोची हाक एका जुन्या, सगळ्यांना पाठ असलेल्या गंमतगाण्यातून उचललेली. शिवाय 'रूब' म्हणजे तिकडच्या बोलीत गावंढळ, त्यामुळे लोक पहिल्या दोन शब्दांतच हसायला लागत. ती म्हणते, शांतता झाली, पोरं आता शेतावर येतील. तो हनुवटी चोळतो, खुर्ची जवळ ओढतो आणि विचारतो : पॅरिस पाहिल्यावर? ब्रॉडवेपासून, न्यूयॉर्कच्या त्या नाटक-तमाशांच्या रस्त्यापासून, त्यांना लांब कसं ठेवणार? दुसऱ्या कडव्यात ती ठाम आहे, शेतकरी तो शेतकरीच. त्याचं म्हणणं, खिशात पैसे खुळखुळले की दारू आणि बाया पोराचा घात करतात. सवाल-जवाबच म्हणा ना, फक्त जवाब काही मिळत नाही.

पॅरिसचा उच्चारही 'पॅरी' असा केलाय. मुंबईत दोन महिने काढून आलेला पोरगा गावात जसा बोलतो, तसा. सगळ्यात मोठा हशा मात्र गाईच्या ओळीला : आता गाईशी 'पार्ले व्हू' (फ्रेंचमध्ये गप्पा) कोण करणार? गाणाऱ्याने इथे घाई केली की विनोद सांडतो. 'गाय' शब्दाआधी निमिषभर थांबायला हवं.

[दृश्य : परतलेल्या ३६९व्या रेजिमेंटचं न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरचं संचलन, १७ फेब्रुवारी १९१९]

गायिका नोरा बेझनेही हे गाणं कोलंबिया कंपनीसाठी गायलं. पण ऐकायची ती ही पाथेची तबकडी. बँड ३६९व्या पायदळ रेजिमेंटचा, प्रमुख जेम्स रीझ युरोप, गायक नोबल सिसल. न्यूयॉर्कची ही कृष्णवर्णीय रेजिमेंट अमेरिकेने फ्रेंचांच्या हाताखाली दिली. ती १९१ दिवस आघाडीवर राहिली आणि फ्रेंचांनी तिला 'क्र्वा द गेर' हे युद्धपदक दिलं. सिसलच्या तोंडी 'शेत' हा शब्द आला की अमेरिकेच्या दक्षिणेतली कापसाची, दुसऱ्याच्या मालकीची शेतं डोळ्यांपुढे येतात. लिहिणाऱ्यांच्या मनात ती खासच नव्हती.

मायक्रोफोन नव्हता, विजेवरचं मुद्रण १९२५चं. गायक कर्ण्याच्या तोंडाशी, वाजवणारे मागे. मोठा ढोल जवळ आणला तर त्याच्या धक्क्याने मेणातली रेघच बिघडे. म्हणून या तबकडीत ताल शोधायचा तो ढोलात नाही, ट्रॉम्बोनच्या घसरणाऱ्या सुरांत.

९ मे १९१९ला बॉस्टनमध्ये बँडमधल्याच एका ड्रमरने बँडप्रमुख जेम्स युरोपवर चाकूने वार केला. त्याच रात्री युरोप गेला. सिसलने पुढे संगीतकार यूबी ब्लेकबरोबर गाणी केली, आणि १९२१मध्ये त्यांचं 'शफल अलाँग' हे संगीतनाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर लागलं.