गाठ विरघळली, तर कापायचं का?

नमस्कार श्रोतेहो. पचनमार्गाच्या कॅन्सरमध्ये अवयव वाचवता येतो का, हा आजचा विषय. पण आधी ऑपरेशनला नाही म्हणणाऱ्या एका पेशंटची गोष्ट.

अमेरिकेत डेट्रॉइटला नॉर्मन निग्रो नावाचे सर्जन होते. त्या काळी गुदद्वाराच्या कॅन्सरवर ठरलेला उपाय म्हणजे गुदद्वार, गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) सगळं काढायचं आणि शौचासाठी पोटावर कायमची पिशवी. निग्रोंनी ठरवलं, आधी थोडी केमो, थोडे शेक, म्हणजे रेडिएशन, देऊ, गाठ लहान करू आणि मग ऑपरेशन करू. ऑपरेशन टाळायचा बेत नव्हताच! असे तीन पेशंट झाले. त्यातल्या दोघांचं ऑपरेशन झालं, काढलेला भाग तपासायला गेला, आणि रिपोर्ट काय आला? कॅन्सर उरलेलाच नाही. म्हणजे पिशवी लागली आणि आत काही नव्हतं! तिसऱ्यानं ऑपरेशनला चक्क नकार दिला. १९७४ साली निग्रोंनी हे छापलं, तेव्हा त्या तिसऱ्याच्या अंगात आजाराचा मागमूस नव्हता. आज न पसरलेल्या गुदद्वाराच्या कॅन्सरवर बहुतेकदा पहिला उपचार केमो आणि शेक हाच असतो.

गुदाशयाच्या बाबतीत हे धाडस केलं ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी. केमो आणि शेकानंतर गाठ पूर्ण विरघळली, तर कापायचं नाही, लक्ष ठेवायचं. २००४ मध्ये त्यांनी २६५ पेशंटांचा अनुभव मांडला. त्यातल्या ७१ जणांवर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवलं होतं.

लक्ष ठेवायचं, पुन्हा सांगतो, लक्ष ठेवायचं. साधारण चारातल्या एकाची गाठ परत उगवते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून दर काही महिन्यांनी बोटानं तपासणी, दुर्बीण, एमआरआय. वेळेत सापडली तर बहुतेकांचं ऑपरेशन तेव्हाही होतं. या तारखा पेशंटनं स्वतः लिहून ठेवाव्यात. आजाराचं नाव पेशंटपासून लपवणारे नातेवाईक मला कधीच पटले नाहीत. ज्याला काय झालंय तेच ठाऊक नाही, तो तपासणीला कशाला जाईल? असो.

अन्ननलिका किंवा जठराच्या अगदी वरच्या थरातली गाठ दुर्बिणीतूनच सोलून काढता येते. हे तंत्र जपानी डॉक्टरांनी घडवलं.

आणि हो, गुदाशयाच्या काही थोड्या गाठींमध्ये पेशींची डीएनए-दुरुस्ती बिघडलेली असते. न्यूयॉर्कमध्ये अशा १२ पेशंटांना नुसती इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, दिली, आणि २०२२ च्या अहवालात बाराही जणांची गाठ नाहीशी झालेली होती. केमो नाही, शेक नाही, चाकू नाही. तेव्हा बायोप्सीच्या तुकड्यावर एमएमआर, म्हणजे हीच डीएनए-दुरुस्ती बघणारी, तपासणी झाली का, हे उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा.