कलेजीतलं पान आणि मासोळीतला पिवळा दाणा

नमस्कार मंडळी! माझ्या पाठीमागे दिसतोय तो आमच्या गावचा मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. याच पाण्यावर धान पिकतो, यातच मासोळी निघते आणि दुपारी म्हशीही यातच बसतात. मी पशुसखी आहे, म्हणजे गावातल्या जनावरांच्या तब्येतीकडे बघते, त्यामुळे लोक मला हमखास विचारतात, "ताई, बाजाराच्या दिवशी बोकडाच्या कलेजीत पानासारखा जंत निघाला, आणि परवा मासोळीत पिवळा दाणा होता. दोन्ही एकच काय?"

नाही. जंत वेगवेगळे आहेत. माशातला म्हशीला होत नाही, म्हशीतला माशाला होत नाही. पण वाढायला या दोन्ही जंतांना गोगलगाय लागतेच.

[हातात पाण्यातल्या गोगलगायीचा शंख]

आधी म्हशीचं बघू. बोकडाच्या कलेजीतलं ते पान म्हणजे पर्णकृमी, तोच म्हशीलाही होतो. आपल्याकडचा, फॅशिओला जायगँटिका, बोटाएवढा लांब होतो आणि पित्ताच्या नळ्यांमध्ये राहतो. त्याची अंडी शेणातून बाहेर पडतात. शेण पाण्यात गेलं की दोन-तीन आठवड्यांत अंड्यातून अळी निघते आणि पोहत गोगलगाय शोधते. तिच्याकडे जेमतेम एक दिवस असतो, तेवढ्यात गोगलगाय मिळाली नाही तर ती मरते. मिळाली, तर मात्र गोगलगायीच्या पोटात एकीच्या शेकडो होतात. मग त्या बाहेर येतात, गवताच्या किंवा धानाच्या बुडख्याला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. जनावर ते गवत खातं, आतड्यात कवच उघडतं, आणि अळी आतडं भेदून काळजात, म्हणजे यकृतात, शिरते. तिथून पुढे कित्येक आठवडे ती काळीज पोखरत पित्तनळीपर्यंत पोहोचते.

आता आपला हंगाम आठवा. धान कापून झाला, दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे जत्रांचे दिवस आले, बांध्यांतलं म्हणजे धानाच्या शेतांतलं पाणी आटत चाललं, आणि आपण जनावरं त्याच ओलसर बांध्यांत सोडतो. जंत तेव्हा पोटात जातो. जनावर खंगायला लागतं ते हिवाळ्यात, उन्हाळ्यात. म्हणून लोकांना वाटतं, चारा कमी पडला.

आमच्या घरची म्हैस अशीच गेली. दूध कमी झालं, शेण पातळ झालं, संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची थैली लोंबायची. सकाळी ती ओसरायची, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. दिवसभर मान खाली घालून चरलं की ते पाणी उतरतं, रात्री मान वर राहिली की कमी होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं.

घटसर्प या जनावरांच्या आजारातही गळ्याला सूज येते, पण ती गरम आणि दुखरी असते, सोबत जोराचा ताप असतो आणि एक-दोन दिवसांत जनावर हातचं जातं. तिथे तासाभराचाही उशीर नको. पर्णकृमीची सूज थंड, मऊ असते. बोटाने दाबली की खड्डा राहतो.

आता औषधाचं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन गोचिडावर, गोल जंतांवर चालतं, पर्णकृमीवर चालत नाही. अल्बेंडाझोल मोठ्या झालेल्या पर्णकृमीवर, तेही जास्त मात्रेत चालतं. गाभण जनावराला सुरुवातीच्या महिन्यांत ते देऊ नये. ऑक्सिक्लोझॅनाइडही मोठ्यांनाच मारतं. काळीज पोखरणाऱ्या जंताच्या लहान पिल्लांवर चालणारं औषध म्हणजे ट्रायक्लाबेंडाझोल. कोणतं, किती आणि दुभत्या म्हशीचं दूध त्यानंतर किती दिवस वापरायचं नाही, हे डॉक्टरांनाच विचारा. मेडिकलवर नुसती "जंताची गोळी द्या" म्हणून मागू नका.

शेण तपासलं आणि अंडी दिसली नाहीत, तरी लगेच खूश होऊ नका. जंत अंडी घालायला लागेपर्यंत तीन-चार महिने जातात. डॉक्टरांना सांगा, जनावर तलावाकाठी चरतं. पावसाळ्याआधी एकदा आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा औषध पाजलं, तर तलावात अंडी जाणंच कमी होतं. धानाची ताजी ओली तणस, म्हणजे पेंढा, घालू नका, आधी चांगलं ऊन दाखवा. पाणी घरी हौदावर पाजता आलं तर फार उत्तम. बदकं पाळत असाल तर ती गोगलगायी खातात.

[तलावाकडे बोट]

आता मासोळी. तो पिवळा दाणा बगळ्याच्या जंताची अळी असते. जंत बगळ्याच्या घशात राहतो, अंडी पाण्यात पडतात, मग गोगलगाय, मग मासा, आणि मासा खाल्ला की पुन्हा बगळा. असा मासा नीट शिजवला तर अळी मरते. तुमची तिखट रश्शातली मासोळी पुरेशी आहे. थायलंडकडे कच्ची मासोळी खातात, तिथे माशातलाच दुसरा एक जंत माणसाच्या पित्तनळीत जातो आणि त्यातून कॅन्सरही होतो. खेकडाही अर्धवट भाजून खाऊ नका, मणिपूरकडे त्यातून फुप्फुसाचा जंत होतो आणि लोक त्याला टीबी समजतात.

मत्स्यबीज सोडणाऱ्या भावांनो, कल्ल्यांना लागणारा चपटा जंत मात्र वेगळा. त्याला गोगलगाय लागत नाही, तो माशावरून माशावर जातो. गर्दी झालेल्या टाक्यात मासे अंग घासायला लागले, वर येऊन तोंड उघडायला लागले, तर कल्ले उघडून बघा. बीज सोडण्याआधी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढतात, ते याचसाठी.

आणि शिंगाडा! पोरं तो तलावातून काढला की दातांनीच सोलतात. उत्तर प्रदेश, बिहारकडे कच्च्या शिंगाड्याच्या सालीवरून माणसाच्या आतड्यात मोठा पर्णकृमी गेल्याची उदाहरणं आहेत. चाकूने सोला, उकडून खा. कलेजीचं विचाराल, तर शिजवलेल्या कलेजीतून हा जंत माणसाला होत नाही. जंताने खराब झालेला भाग तेवढा काढून टाका, पण कुत्र्यापुढे किंवा तलावात फेकू नका, पुरून टाका.

उद्या सकाळी दूध काढताना म्हशीच्या डोळ्याची खालची पापणी जरा उलटून बघा. आतून लालसर असेल तर बरं. पांढुरकी दिसली, तर ताजं शेण डब्यात घ्या आणि त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात जा.