ट्यूब पेटते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. आधी एक कोडं. पुरी, पट्टी, टंचाई. तिन्हींच्या आधी लागेल असा एकच शब्द सांगा. पट्टी म्हटलं की नागपूरकराला पहिली घरपट्टी आठवते. 'घरपुरी' होत नाही हे कळतं, तरी 'घर' काही डोक्यातून हलत नाही, कारण आधी आलेला शब्द बाकीच्यांना दाबून ठेवतो. तो सुटला की एकदम 'पाणी' सुचतं आणि ट्यूब पेटते.

अशाच तीन शब्दांच्या कोड्यांवर अमेरिकेतल्या मार्क जंग-बीमन, जॉन कुनिओस या मेंदू-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सोडवणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल मोजत प्रयोग केले. निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. उत्तर मिळालं की बटण दाबायचं आणि ते एकदम सुचलं की पायरीपायरीने काढलं, हे लगेच सांगायचं. बटण दोन्हीकडे तेच, कोडीही त्याच जातीची. त्यामुळे तुलनेत जो फरक उरतो, तो सुचण्याचा.

एकदम सुचलेल्या उत्तरांत, बटणाच्या सुमारे ०.३ सेकंद आधी, उजव्या कानाच्या वर ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० हेलकाव्यांच्या, आसपासच्या विजेच्या लहरी उसळलेल्या दिसल्या. यांना गॅमा लहरी म्हणतात. हा भाग लांबलांबचे अर्थ जुळवतो. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्याआधीचं. दीडेक सेकंद आधी डोक्याच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, १० हर्ट्झच्या आसपासच्या अल्फा लहरी वाढतात. तिथे दृष्टीचं काम चालतं, आणि अल्फा वाढणं म्हणजे ते काम मंदावणं. थोडक्यात, मेंदू बाहेरचं बघणं क्षणभर आवरतो. अडलेला माणूस कोऱ्या भिंतीकडे का बघतो, ते यावरून कळावं. (यावरून 'उजवा मेंदू हुशार' असं मात्र कुणी काढू नये. डावाही सतत राबत असतो.)

हे मोजणं किचकट आहे. ईईजी म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतली वीज मोजणं. त्याला वेळ मिलिसेकंदात कळते, जागा मोघम. एफएमआरआय, म्हणजे चुंबकाच्या मदतीने मेंदूचं काम टिपणारं स्कॅन, जागा नेमकी दाखवतं, पण रक्तप्रवाह मोजतं आणि तो पाच-सहा सेकंद उशिरा शिगेला पोचतो. म्हणून दोन्ही वापरावी लागतात. त्यात गॅमा फारच क्षीण. दात आवळले, कपाळाला आठी पडली, की स्नायूंची वीज त्याच पट्ट्यात शिरते आणि खरी लहर बुडते. वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण वेगळीच. आपल्याकडे मे महिन्यात तर घामाने इलेक्ट्रोडची रेघच सरकत राहील, आणि कूलरची मोटर शेजारी ठेवायची सोय नाही.

अभ्यासिकेत बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. प्रयोगांत एकदम सुचलेली उत्तरं पायरीने काढलेल्यांपेक्षा जास्त वेळा बरोबर निघाली. पायरीने सोडवणाऱ्याच्या हाती अर्धवट तुकडे असतात. वेळ संपत आली की तो त्यांवरूनच अंदाज ठोकतो. सुचणाऱ्याला एक तर पूर्ण उत्तर मिळतं, नाहीतर जागा कोरी राहते. चुकीला गुण कापणाऱ्या परीक्षेत कोरी जागा परवडते.