भुकेलं ढोर आणि धुऱ्यावरची कोवळी ज्वारी

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो, हिंगणा, काटोल, उमरेड, रामटेक, कुही, जिथून ऐकत असाल तिथून दोन मिनिटं रेडिओचा आवाज वाढवा, आणि तुमचा गायकी जवळपास असेल तर त्यालाही बोलवा, कारण ढोरांमागं दिवसभर तोच असतो.

आज ढोरांना बाधणाऱ्या झाडपाल्याबद्दल बोलायचंय. धोतरा, एरंडी, गुंज ही नावं सगळ्यांना पाठ आहेत म्हणून मी ज्वारीपासून सुरू करतो. हो, आपलीच ज्वारी. आता सोयाबीन-कपाशीमुळं ज्वारीचं वावर कमी झालं तरी चाऱ्यापुरती चार तासं, म्हणजे चार ओळी, पुष्कळ जण पेरतात, मग पावसानं दडी मारली की ती गुडघ्याएवढीच राहते, सुकल्यासारखी दिसते, आणि आपण म्हणतो हिचं काही होत नाही, सोडा ढोरं. तिथंच घात होतो. कोवळ्या, ताण बसलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर बुडातून फुटलेल्या धांड्यांच्या फुटव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य जास्त असतं, आणि गायी-म्हशी-शेळ्यांच्या पोटातले जंतू ते भराभर मोकळं करतात म्हणून रवंथ करणाऱ्या जनावराला हे जास्त बाधतं. ढोराला किराळ लागली म्हणतात ती हीच. पोटऱ्यात येऊन फुलोरा धरला की धोका बराच कमी होतो आणि नीट वाळलेल्या कडब्याचं भय नाही, पण कोवळी असताना अजिबात नाही म्हणजे नाही.

ढोर कसं दिसतं ते नीट ऐका. चरता चरता एकदम धापा टाकायला लागतं, तोंडाला फेस, अंग थरथरतं, पाय लटपटतात आणि आडवं पडतं, कधी कधी हे सगळं पाव-अर्ध्या तासात. ओठ वर करून हिरड्या बघा, लालभडक दिसतील. रक्तात प्राणवायू भरपूर असतो पण सायनाइड तो शरीराला वापरू देत नाही, म्हणून रक्त लाल आणि ढोर मात्र गुदमरतंय.

आणि इथं एक फार महत्त्वाची गोष्ट. ज्वारी, मका, बाजरीला युरिया भरपूर पडला आणि वर पावसाचा खंड पडला तर चाऱ्यात नायट्रेट साचतं, त्यानंही ढोर असंच धापा टाकतं पण रक्त चॉकलेटसारखं तपकिरी होतं. दोन्हीची औषधं वेगळी, एवढी वेगळी की सायनाइडवर जे सोडियम नायट्राइटचं इंजेक्शन देतात ते नायट्रेटवाल्या ढोराला दिलं तर ते मरूही शकतं. म्हणून शेजाऱ्याकडं उरलेली बाटली आहे म्हणून टोचून घेऊ नका, कळकळीनं सांगतो.

आता रायमुनिया, म्हणजे घाणेरी. जंगलाच्या कडेला, पडीत जागेत माजलीय. गावातलं ढोर सहसा तिला तोंड लावत नाही, पण बाजारातून नवीन आणलेलं किंवा उपाशी ढोर खातं. हिचं विष लिव्हरवर जातं, लक्षणं एक-दोन दिवसांनी दिसतात. खाणं बंद, शेण घट्ट, डोळे पिवळे, आणि मग उन्हात गेलं की अंगावरची जिथं जिथं कातडी पांढरी-गुलाबी आहे तिथं भाजल्यासारखी सोलते. अशा ढोराला आधी सावलीत बांधा, कोठ्यात अंधाऱ्या जागी, औषध त्यानंतर.

नाल्याकाठची बेशरम शेळ्यांना हळूहळू खाते. रोज थोडी थोडी खाऊन शेळी वाळते, मान थरथरते, चालताना झोकांड्या जातात. आपली बेरारी शेळी पाल्यावरच जगते, म्हणून उन्हाळ्यात बाकी सगळं वाळलं आणि बेशरम तेवढी हिरवी राहिली की लक्ष ठेवा.

कण्हेरीचं मात्र आपणच करतो. ती कडू, ढोर आपणहून फारसं खात नाही, पण कंपाउंडची छाटणी करून फांद्या रस्त्यावर टाकल्या, त्या वाळल्या, चाऱ्यात मिसळल्या, आणि वाळली तरी विष तेवढंच राहतं. मूठभर पानं हृदय बंद पाडायला पुरतात. छाटणी पुरा, ढोरांच्या वाटेवर टाकू नका बाप्पा.

सगळ्यात सोपा उपाय सांगू? ढोर उपाशी सोडू नका. सकाळी थोडं कुटार, थोडा कडबा पोटात गेला की ते निवडून खातं, रिकाम्या पोटी मात्र दिसेल ते ओरबाडतं.

आणि एवढं करूनही विषबाधा झालीच तर ढोराला त्या वावरातून बाहेर काढा, आणि झटके येत असताना तेल, ताक काही पाजू नका, फुफ्फुसात जातं. 1962 या टोल फ्री नंबरवर फोन लावा, किती वाजता चरलं, काय चरलं, हिरड्यांचा रंग कसा आहे हे सांगा, आणि ज्या झाडावर शंका आहे त्याची एक फांदी उपटून डॉक्टर येईपर्यंत जवळ ठेवा.