पाणी कुठे मुरते?

(दृश्य : कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. गॅरेजमध्ये उभी जीप, बॉनेट उघडे.)

ही महिंद्रा एमएम 540 जीप 1990च्या दशकातील असून कोल्हापूर-गगनबावडा-वैभववाडी रस्त्यावर ती आजही वडापला, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीला, चालते. तिच्या रेडिएटरमधले पाणी रोज थोडे थोडे कमी होते, करूळ घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो, आणि तरीही ती रात्रभर जिथे उभी असते तिथल्या फरशीवर एक थेंबही सापडत नाही. अशा वेळी अनेक ठिकाणी रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बुजवणारी पूड टाकतात. हळदीने बारीक छिद्र काही दिवस बुजते हे खरे, परंतु तीच हळद रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही जाऊन बसते आणि गळतीची खूण पुसून टाकते. या गॅरेजचे मिस्त्री गळती डोळ्यांनी दिसेपर्यंत पाण्यात काहीही टाकू देत नाहीत, आणि दुरुस्तीची खरी रीत हीच आहे, असे आम्हांला वाटते.

(दृश्य : मिस्त्रींचे हात. होज पाइप, क्लिपा, ऑइलची पट्टी.)

सुरुवात सोप्या जागांपासून होते. होज पाइप दाबून पाहिले जातात, क्लिपांखाली हिरवट किंवा पांढरी पुटे चढली आहेत का ते तपासले जाते, आणि वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, खालच्या छोट्या छिद्राला बोट लावून ते कोरडे असल्याची खात्री केली जाते. पट्टीवरचे ऑइल दुधाळ झालेले नाही आणि इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडेही येत नाहीत, त्यामुळे इंजिनाचे धड आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या हेड गॅस्केटवरचा संशय तूर्त मागे पडतो.

(दृश्य : रेडिएटरच्या तोंडावर बसवलेला हातपंप, त्यावरील दाबाचा काटा.)

इंजिन चालू असताना आतल्या पाण्यावर दाब असतो. हा दाब वातावरणापेक्षा अर्धा बार जास्त असेल, तर समुद्रसपाटीला शंभर अंशांवर उकळणारे साधे पाणी सुमारे 111 अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग त्यासाठीच असते. परंतु याच दाबाने पाणी बारीक छिद्रातून बाहेर ढकलले जाते, तापलेल्या लोखंडावर पडते आणि खाली पोहोचण्याआधीच वाफ होऊन जाते. इंजिन निवले की दाब उतरतो आणि छिद्र गप्प बसते. म्हणून मिस्त्री थंड इंजिनावर, झाकणावर लिहिलेला आकडा न ओलांडता, हाताने दाब चढवतात आणि शेजारच्या मुलाला सांगतात, “काटा बघत ऱ्हा रं.” काही मिनिटांतच काटा हळूहळू खाली येऊ लागतो, म्हणजे पाणी बाहेर पडते आहे. वाफ होण्याइतकी उष्णता आता नसल्यामुळे ते कुठेतरी ओल धरणारच.

(दृश्य : इंजिनावर खडूची पूड. टॉर्च, छोटा आरसा.)

धुऊन कोरड्या केलेल्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडावर, खडूची पूड उडवलेली आहे. जिथे ओल दिसते तिथेच गळती असेल असे मात्र नसते, कारण पाणी उतार धरते आणि गाडी चालताना पंख्याचा वारा त्याला मागे लोटतो. त्यामुळे ओलीची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची कड शोधावी लागते. ती कड इंजिनाच्या माउंटिंगच्या मागे जाते, जिथे थेट नजर पोहोचत नाही. आरशात तांबूस ओघळ दिसतो आणि त्याच्या माथ्यावर, पत्र्याच्या एका गोल बुचाच्या मधोमध, टाचणीच्या टोकाएवढे छिद्र.

(दृश्य : शिरोलीतील फाउंड्री. साच्यात ओतला जाणारा लोखंडाचा रस.)

हे बूच तिथे का असते, हे कोल्हापुरात सहज पाहता येते. ब्लॉक ओततेवेळी पाण्याच्या वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे घट्ट ठोकळे, म्हणजे कोअर, बसवतात. त्यांना आधार देण्यासाठी आणि ओतकाम निवल्यावर आतली वाळू झटकून काढण्यासाठी ब्लॉकच्या भिंतीत गोल भोके राहतात, आणि तीच भोके नंतर उथळ वाटीसारख्या पत्र्याच्या बुचांनी बंद होतात. या जीपचे 2112 सीसीचे प्युजो डिझेल इंजिन महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यातले आहे, पण ओतकामाची पद्धत हीच. ब्लॉकची भिंत जाड आणि बूच पातळ, त्यामुळे वर्षानुवर्षे कूलंटऐवजी, म्हणजे गंजरोधक द्रवाऐवजी, विहिरीचे किंवा नळाचे पाणी भरले गेले, की गंज आधी बुचाला खातो, आणि तोही आतून. बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो.

(दृश्य : पंचाचा ठोका, पक्कड, बाहेर येणारे बूच आणि त्यामागून गाळ.)

बुचाच्या कडेवर ठोका देऊन ते आडवे फिरवले जाते आणि पकडीने ओढून काढले जाते. त्यामागून आलेला तपकिरी गाळ पाण्याच्या जोराने धुऊन काढल्यावर भोकाची कड पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केली जाते, तिला सीलंट लावले जाते आणि नवे पितळी बूच सरळ ठोकून बसवले जाते. गळती तशीच राहिली असती तर हेड वाकले असते, गॅस्केट गेले असते आणि जीपवर चालणाऱ्या घराची कमाई थांबली असती.

(दृश्य : पुन्हा दाबाचा काटा. मालक आणि मिस्त्री.)

पुन्हा दाब चढवल्यावर काटा जागचा हलत नाही. त्याच बाजूची उरलेली बुचेही तितकीच जुनी असल्यामुळे मिस्त्रींनी ती आत्ताच बदलली आहेत, आणि रेडिएटरमध्ये निम्मे कूलंट व निम्मे शुद्ध केलेले पाणी भरले आहे. दुसऱ्या बाजूचे काम पावसाळ्यात, वडापचा धंदा मंदावल्यावर करायचे मालकांनी ठरवले आहे. तोपर्यंत रोज सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पाण्याची पातळी पाहायची आहे.